कायमची नोकरी की कंत्राट? हेलिकॉप्टर देखभाल अभियंत्याच्या वेतनाची तुलना

टर्बाइन हेलिकॉप्टरसाठीचा बी १.३ परवाना मिळालेल्या एका तरुण अभियंत्याने विचारले, की कायमच्या नोकरीत राहावे की मोठ्या दैनिक दराचे कंत्राट स्वीकारावे.

दराचा आकडा फसवा असतो. कंत्राटात कामाच्या दिवसांचेच पैसे मिळतात. दोन कंत्राटांमधला रिकामा काळ, आजारपण, विमा आणि निवृत्तीची तरतूद बहुधा स्वतःलाच सोसावी लागते, म्हणून तुलना वर्षभराच्या निव्वळ मिळकतीचीच करावी.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा टाइप रेटिंगचा, म्हणजे परवान्यावर नोंदवल्या जाणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या हेलिकॉप्टरच्या मान्यतेचा आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात टेल रोटरचे बेअरिंग तपासून हेलिकॉप्टर उड्डाणयोग्य असल्याची सही करणाऱ्या माणसाचे मोल त्या सहीत असते, आणि त्या प्रकाराचे रेटिंग नसेल तर नुसत्या परवान्यावर ती सही करता येत नाही. हे महागडे प्रशिक्षण कायमची नोकरी देणारी कंपनी अनेकदा स्वतःच्या खर्चाने देते, मात्र त्याबदल्यात काही वर्षांचे बंधपत्र लिहून घेते. कंत्राटदाराकडून ते आधीच असण्याची अपेक्षा असते.

युरोपीय नियमांनुसार सहीचा अधिकार वापरण्यासाठी मागील २ वर्षांत ६ महिन्यांचा देखभालीचा अनुभव लागतो, त्यामुळे कंत्राटांमधील लांबलेला खंड इथेही नडू शकतो.

एकच रेटिंग असलेल्या नवख्याने, माझ्या मते, नोकरीच धरावी. दोन-तीन प्रकारांची रेटिंग्ज, शिल्लक गाठीशी आणि घरापासून आठवडेच्या आठवडे दूर राहण्याची तयारी असलेल्या अनुभवी अभियंत्याला कंत्राट खरोखरच परवडते.