फाल्गुनातली सकाळ: पुळण की खाडीचं मुख?

फाल्गुनात कोकण किनाऱ्यावर वसंत येतो तो निरोपाच्या तयारीने. हिवाळाभर राखाडी दिसलेले पाहुणे पक्षी उत्तरेला परतण्याआधी कपडे बदलू लागतात. तपकिरी डोक्याच्या कुरवांची (गल पक्ष्यांची) फिकट डोकी गडद होतात, पल्लास कुरव काळी टोपी चढवून बसतो. मार्चच्या उत्तरार्धात लेसर सँड प्लोव्हर या छोट्या किनारपक्ष्याच्या छातीवर तांबूस पट्टा उमटतो. हे पाहायला एकच सकाळ हाती असेल, तर लांबलचक पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, चालावी की खाडीच्या मुखाशी जावं? आंजर्ले, केळशी यांसारख्या गावांत दोन्ही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, म्हणून हा प्रश्न खरोखर पडतो.

पहिलं उत्तर पंचांगात शोधावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. द्वितीयेला दीड वाजता, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. दोन्ही पक्षांत हिशेब तोच. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत शिराल तशी भरती उशिरा लागते, हे धरून चालावं. पुळणीला सकाळी सुकती, म्हणजे ओहोटी, हवी, म्हणजे प्रतिपदा ते तृतीया बरी. खाडीला सकाळी चढतं पाणी हवं, म्हणजे द्वादशी ते चतुर्दशी. त्यामुळे तुमची सुट्टी कोणत्या तिथीला येते यावर अर्धा निर्णय आपोआप होतो.

पुळणीची बाजू आधी मांडतो, कारण तिच्याकडे एक गोष्ट अशी आहे की ती खाडीकडे नाही: ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता आंजर्ल्यासह इतरही गावांत घरटी कुंपणात जपली जातात. अंडी घातल्यापासून साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, त्यामुळे थंडीतल्या घरट्यांची पिल्लं बरोबर या दिवसांत निघतात. सकाळी सातच्या सुमारास त्यांना पाण्याकडे सोडतात. निघतील याची हमी कोणीच देऊ शकत नाही, पण मुलं बरोबर असतील तर तेवढ्यासाठी पुळण निवडणाऱ्याला मी अडवणार नाही. शिवाय अनवाणी चालता येतं, वाट चुकत नाही आणि सकाळी ऊन पाठीवर असल्याने समुद्राकडे बघताना डोळे दिपत नाहीत. संध्याकाळी मात्र तीच पुळण डोळ्यांवर येते. पाण्याकाठचा प्रत्येक पक्षी नुसता काळा ठिपका होतो.

पण पुळणीची एक अडचण आहे, आणि माझ्यापुरता तराजू तिनेच झुकवला. थवा पुढे-पुढे उडत राहतो. चिखल्यांना (प्लोव्हरांना) आणि सँडरलिंगांना खाणं मिळतं ते लाटेच्या काठच्या ओल्या पट्टीत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कोरडी वाळू, तिथे गावकुत्री आणि माणसं. तुम्ही पन्नास-साठ पावलांवर आलात की थवा उठतो, शंभर-दीडशे पावलं पुढे जाऊन त्याच पट्टीत उतरतो, म्हणजे पुन्हा तुमच्याच वाटेवर. पुन्हा तुम्ही पोचता, पुन्हा तो उठतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत एकच थवा आठ-दहा वेळा उडतो, आणि शेवटी कंटाळून समुद्रावरून वळसा घालून तुमच्या मागे जातो. पाहणाऱ्याला मिळतात पाठी आणि पंखांवरचे पांढरे पट्टे. केंटिश प्लोव्हर कोणता आणि लेसर सँड प्लोव्हर कोणता, हे नीट ठरवायला तो उभा असलेला हवा. पक्ष्याचं नुकसान तर त्याहून मोठं. या दिवसांत तो लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतो, आणि आपण त्याला दर पाच मिनिटांनी ती जाळायला लावतो.

यावर उपाय आहे, अर्धाच. थवा लांबून दिसला की ओली पट्टी सोडून मर्यादवेलीच्या, म्हणजे कोरड्या वाळूत पसरणाऱ्या वेलीच्या, रेषेपर्यंत वर जायचं, थव्याला समांतर चालत त्याच्या पुढे निघायचं, मग हळूहळू तिरकं खाली येऊन उकिडवं बसायचं. सरळ रोखाने त्याच्याकडे चालायचं नाही. हे जमतं, पण कोरड्या भुसभुशीत वाळूत शंभर पावलं म्हणजे कडक वाळूतली तीनशे. आणि बसल्यावर पाच मिनिटांत फिरायला आलेलं कोणी पाण्याकडेने सरळ चालत येतं, की सगळं मुसळ केरात.

खाडीच्या मुखाशी हा हिशेब उलटा होतो. तिथे तुम्ही बसता आणि पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे आणतं. पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी पोचावं. पाठ पूर्वेला, मागे तिवरांची (खारफुटीची) झुडपं, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उठून दिसत नाही. सुरुवातीला चिखल विस्तीर्ण असतो आणि पक्षी दूरवर विखुरलेले. टिलवे, टेरेक सँडपायपर, खेकडे शोधणारा व्हिम्ब्रेल, सगळे दुर्बिणीतही बारीक. पाणी चढतं तसा चिखल आकसतो आणि तेच पक्षी दाटीवाटीने वर सरकतात. शेवटच्या तासात पंचवीस-तीस पावलांवर टेरेकचे नारिंगी पाय आणि वर वळलेली चोच आठपटी दुर्बिणीतही स्पष्ट दिसते. दहापटीची गरज पडत नाही, वाऱ्यात ती हलते ते वेगळंच. साडेनवानंतर चिखलावर हवा थरथरू लागते आणि लांबचं पाहणं तसंही संपतं. पण तोवर पक्षी जवळ आलेले असतात. पुळणीवर हा फायदा मिळत नाही.

खाडीच्या अडचणी लपवत नाही. चपला चिखलात राहतात. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार तळपाय कापते. नाडीचे जुने कॅनव्हास बूट बरे. तिवरांची वर आलेली श्वसनमुळं तुडवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, मुखाशी समुद्रात घुसलेल्या वाळूच्या जिभेवर बसू नये. पाणी समोरून येतंय असं वाटतं, पण जिभेच्या मागची सखल पन्हळ आधी भरते आणि परतीची वाट तुटते. भरतीच्या वेळी पक्षीही विश्रांतीला त्याच जिभेवर येतात, त्यांच्यासाठीही ती मोकळी हवी. पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी उठावं, आल्या वाटेने, झुडपांच्या आडून.

अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, मात्र खाडीचा हट्ट धरू नका. सकाळी पाणी उतरत असतं, पक्षी उघड्या होणाऱ्या चिखलामागून तुमच्यापासून लांब जातात. त्या दिवशी पुळणीवर जा, वर मर्यादवेलीच्या रेषेने. आणि सुट्टी त्रयोदशीला येत असेल तर सूर्योदयाबरोबर खाडीवर पोचा. सातच्या आत तिवरांना पाठ लावून बसलेलं असावं.