पांढरे ठिपके दिसले: तांबं, कमी खारं पाणी की टबांची अदलाबदल?

खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या माशावर पांढरं काही दिसलं की पहिला फोन दुकानदाराला जातो आणि संध्याकाळी हातात एक बाटली येते. तिच्यावर ‘कोरलसाठी सुरक्षित’ असं छापलेलं असतं. या तुलनेत ती बाटली मी धरलेली नाही. परजीवीला खरोखर मारणारं औषध कोरल, कोळंबी आणि गोगलगाईंनाही सोडत नाही. लसणाचा रस पाजून ठिपके गेले असं सांगणारेही भेटतील. ठिपके कोणत्याही औषधाशिवाय जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दुपटीने परततात. का, ते पुढे येईलच.

पर्याय तीन: तांब्याचं औषध, पाण्याचा खारेपणा उतरवणं आणि दर तीन दिवसांनी मासा नव्या टबात हलवणं. तिन्ही उपचार मुख्य टँकच्या बाहेरच करायचे असतात.

आधी रवा की मैदा?

खोलीतले दिवे घालवा आणि मोबाईलचा टॉर्च माशाच्या बाजूने तिरका धरा. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे, एकेक मोजता येतील असे ठिपके असतील तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी, म्हणजे सगळे ज्याला मरीन इक म्हणतात तो. कण मोजताच येत नाहीत, मैदा भुरभुरल्यासारखी पिवळट धूळ दिसते, मासा वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा आहे, खाणं सुटलंय, कल्ले धापा टाकल्यासारखे हलताहेत, असं असेल तर अमायलोओडिनियम, म्हणजे व्हेल्वेट. व्हेल्वेट आधी कल्ल्यांत बसतो, त्यामुळे अंगावर धूळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. इकमध्ये विचार करायला दोन-चार दिवस मिळतात, व्हेल्वेटमध्ये रात्रही मिळेल याची खात्री नाही.

तिसरी गोष्ट क्लाऊनफिशवाल्यांसाठी. अंगावरून बुळबुळीत साय सुटल्यासारखी कातडी निघत असेल तर तो ब्रुकलिनेला. तो माशाच्या अंगावरच दुभागून वाढतो, म्हणून टब बदलून उपयोग नाही, आणि तांबंही त्याच्यावर चालत नाही. त्याला फॉर्मॅलिनचं स्नान लागतं. फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे, तेव्हा हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. तो वेगळा विषय.

इकचं चक्र कळलं की पुढची सगळी तुलना सोपी होते. परजीवी माशाच्या कातडीखाली साधारण ३ ते ७ दिवस राहतो. मग गळून पडतो, वाळूवर किंवा काचेवर कवच करून बसतो, त्यात शेकडो पिल्लं होतात आणि ती फुटून मासा शोधत पोहतात. ठिपके ‘गेले’ म्हणजे परजीवी खाली उतरला. तो कातडीखाली असताना औषध पोचत नाही, कवचात असताना पोचत नाही. सापडतो तो फक्त पोहताना.

तांबं

व्हेल्वेटची शंका असेल तर माझ्या मते दुसरा विचारच नको. या तिघांत व्हेल्वेटवर चालणारं हे एकच आहे, आणि इकवरही चालतं. मासा आधी पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून घेतला, तापमान आणि पीएच जुळवून, तर कल्ल्यांवरचा भार थोडा उतरतो. त्याने रोग बरा होत नाही, पण तांब्याची मात्रा चढेपर्यंत वेळ मिळतो.

खरी अडचण मोजण्याची आहे. बाजारात तांबं दोन जातींचं मिळतं. क्युप्रामाइनसारख्या आयनिक तांब्याची मात्रा लिटरला ०.५ मिलिग्रॅम, तर चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेल्या) तांब्याची २ ते २.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर मासा तरी मरतो, नाही तर परजीवी आरामात जगतो. शिवाय रंग जुळवायच्या स्वस्त किटमध्ये निळ्याची कोणती छटा ती ट्यूबलाइटखाली ठरवताना घरातली चार माणसं चार आकडे सांगतात. म्हणून हाना कंपनीचा डिजिटल तांबेमापक घेणार नसाल तर तांब्याच्या वाटेला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. मात्रा एका दिवसात नाही, दोन दिवसांत चढवायची आणि ३० दिवस टिकवायची. एक दिवस घसरली तर दिवस पुन्हा एकपासून मोजा.

टँक आतून रिकामा हवा. लाईव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) आणि वाळू तांबं शोषून घेतात. लपायला नळवाल्याच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो टाका, मासे त्यात खुशाल झोपतात. तांब्याने फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही दबतात, म्हणून अमोनिया रोज बघायचा. पण तो वाढला म्हणून अमोनिया मारणारं द्रव्य ओतू नका, आयनिक तांब्याबरोबर ते विष होऊ शकतं. पाणी बदला आणि बदललेल्या पाण्याइतकं तांबं परत घाला.

मँडरिन, पफर, बुटके एंजल आणि बरेच रॅस हे मासे तांब्याला नाजूक असतात.

कमी खारं पाणी

कागदावर हा सगळ्यात सोज्वळ उपाय. औषध नाही, मासा पटकन खायला लागतो. विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ वरून दोन दिवसांत १.००९ वर आणायचं, चार आठवडे तिथेच ठेवायचं, आणि वर नेताना घाई न करता आठवडाभर घ्यायचा.

मी हाच निवडला आणि हरलो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, मी साध्या पाण्याने शून्यावर आणला होता. तो १.००९ दाखवत राहिला. तिसऱ्या आठवड्यात ब्लू टँगच्या शेपटीपाशी पाच ठिपके दिसले. ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) तयार द्रावणाने तपासलं तेव्हा कळलं, पाणी खरं तर १.०१२ होतं. या उपायात तेवढी ढिलाईही चालत नाही. मुंबईच्या उकाड्यात रात्रीतून पाणी उडालं की खारेपणा आपोआप चढतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोडं पाणी टाकणारं माणूस घरी हवं. पाणी पातळ झालं की पीएचही उतरतो, खायच्या सोड्याने तो सावरावा लागतो. आणि व्हेल्वेटवर हा उपाय शून्य. तो कमी खाऱ्या पाण्यात मजेत जगतो.

टबांची अदलाबदल

कवचातून पिल्लं निघायला किमान तीन दिवस लागतात, म्हणून दर ७२ तासांच्या आत मासा कोरड्या, स्वच्छ टबात नव्या पाण्यात हलवायचा. असं चार वेळा. अंगावरचा परजीवी गळत जातो आणि मागच्या टबात राहतो. १२ दिवसांत काम संपतं. तांबं नाही, मापक नाही, नाजूक माशालाही झेपतं. हलवताना मागचं पाणी बरोबर येऊ देऊ नका.

खर्च मिठाचा. ४० लिटरचा टब चार वेळा भरायचा म्हणजे १६० लिटर, साधारण ६ किलो मीठ. त्रास वाळवण्याचा: टब, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), हीटर सगळं पूर्ण कोरडं झालंच पाहिजे, आणि जुलैत आमच्या बाल्कनीत टॉवेलसुद्धा वाळत नाही. पावसाळ्यात दोनाऐवजी तीन टब ठेवा. एअरस्टोन दर वेळी नवा घेतलेला परवडतो.

दोन क्लाऊनफिश आणि एक गोबी असेल तर मी डोळे मिटून हेच करीन. वीतभर लांब टँग असेल तर नाही. तो टबात भिंतींवर आपटून घेतो आणि चौथ्या बदलापर्यंत जाळी दिसली की वेडापिसा होतो. त्याला मोठा, आतून रिकामा टँक आणि तांबं. कमी खारं पाणी मी आता फक्त अशांना सुचवतो, जे दिवसभर घरी असतात, ज्यांना इकची खात्री आहे आणि ज्यांच्याकडे तपासणीचं द्रावण आहे.

काहीही निवडलंत तरी मुख्य टँक माशांविना ठेवावाच लागतो, नाहीतर बरा झालेला मासा त्याच कवचांत परततो. शौकिनांमध्ये ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे, कारण ७२ व्या दिवशीही कवच फुटल्याची नोंद आहे. कोरल आणि कोळंबी आत राहू द्या, त्यांना हा परजीवी धरत नाही. मात्र दोन टँकांचं पाणी एकमेकांत जाऊ देऊ नका. माझ्याकडे दोन जाळ्या आहेत. आजारी टँकच्या जाळीच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि ती बाथरूममध्ये टांगलेली असते, हॉलमध्ये नाही.