पीटी-आर्काइव्हर: जिनिंगच्या काट्यावर वापरून पाहिलं

आमच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दर दोन सेकंदांनी काट्यावरचा आकडा टेबलात टाकतं, गाडी असो नसो. आठ हंगामांत दोन कोटींवर ओळी साचल्या. दिवाळीनंतर आवक वाढली की एकेका पावतीला मिनिट लागायचं. "काऊन भाऊ, कम्प्युटर झोपला काय?" वणी रोडपर्यंत लागलेल्या रांगेतून हेच ऐकू यायचं. जुनं पुसून टाकायला शेठजी तयार नाहीत. वजनाचा वाद दोन वर्षांनीही उकरला जातो.

म्हणून मे महिन्यात, मिल बंद असताना, पर्कोना टूलकिट या साधनसंचातलं पीटी-आर्काइव्हर चालवलं. ते जुन्या ओळी दुसऱ्या डेटाबेसातल्या टेबलात हलवतं. मायएसक्यूएल या डेटाबेससाठीच आहे, फुकट आहे. बटणं-खिडक्या नाहीत, सगळं कमांडवर. तिकडचं टेबल आधी आपणच बनवून ठेवायचं.

पहिल्या रात्री लिमिट द्यायचं विसरलो, चूक माझीच. न सांगितलं तर ते एका वेळी एकच ओळ उचलतं आणि दर ओळीला कमिट (नोंद पक्की) करतं. म्हणजे गंजीतला कापूस बोंडाबोंडानं गाडीत भरणं! लिमिट आणि टीएक्सएन-साइझ (किती ओळींनी कमिट करायचं ते) दोन्ही १००० केल्यावर कुठे चाल धरली.

सगळ्यात आवडलं ते हे, की ओळ आधी दुसऱ्या डेटाबेसात लिहिली जाते, मगच इकडची पुसली जाते. आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही. दुसऱ्या रात्री ती गेलीच, इन्व्हर्टरही बसला. पुन्हा सुरू केलं तर काही ओळी तिकडे आधीच पोचलेल्या. रिप्लेसचा, म्हणजे आधीच्या ओळीच्या जागी तीच पुन्हा लिहायचा, पर्याय दिला आणि गाडी पुढे सरकली.

पावत्यांच्या टेबलात नावं-गावं मराठीत. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) जुळत नाही म्हणून ते सुरूच होईना. तासभर चिडलो. डीएसएनमध्ये, म्हणजे डेटाबेसाला जोडायच्या तपशिलात, यूटीएफ८एमबी४ हा सेट लिहिल्यावर चाललं. अडलं तेच बरं, नाहीतर पांढरकवड्याच्या जागी प्रश्नचिन्हं बसली असती.

एवढं करून डिस्क मात्र तेवढीच भरलेली. यात त्याचा दोष नाही, इनोडीबीची (मायएसक्यूएल डेटा साठवायला वापरतं त्या इंजिनची) फाईल ओळी पुसल्यानं लहान होत नाही. त्यासाठी नंतर ऑप्टिमाइझ टेबल ही कमांड चालवावी लागते, आणि तिलाही उरलेल्या डेटाएवढी मोकळी जागा लागते. मला शेठजींकडून नवीन डिस्क मागावी लागली. ती गोष्ट वेगळीच.

यंदा पहिल्याच गाडीची पावती लगेच हातात दिली. गाडीवाल्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "एवढ्या लवकर निंगाली? वजन नीट घेतलं ना भाऊ?"