छोट्या खोलीतला जॅझ आणि एकेजी सी-414 एक्सएलएस: पैसे मोजायचे ते बहिऱ्या बाजूचे

खोली 12 बाय 15 फूट, छत 10 फुटांवर. त्यात ड्रम्स, डबल बेस, अपराइट पियानो आणि टेनर सॅक्सोफोन, आणि चौघंही एकाच वेळी वाजवणार. वेगळं बूथ नाही, काचेचा आडोसा उभा करावा एवढी जागाही नाही. पुण्या-मुंबईतले कितीतरी छोटे स्टुडिओ असेच असतात. एकेकाचं ओव्हरडब करून, म्हणजे वाद्यं वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करून, हे काम भागत नाही, कारण ड्रमर पुढच्या बारमध्ये काय करणार हे बेसवाला काय वाजवतोय त्यावर ठरतं. अशा खोलीसाठी एकेजी सी-414 एक्सएलएस या कंडेन्सर माइकची जोडी घ्यावी का? घ्यावी, पण फिगर-8 पॅटर्न, म्हणजे समोरून आणि मागून ऐकायची सेटिंग, वापरणार असाल तरच. माइक कायम कार्डिऑइडवरच, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या सेटिंगवरच, राहणार असेल तर एका 414च्या पैशात दोन बरे साधे कंडेन्सर येतात, ते घ्या.

माइकवर 9 पॅटर्न आहेत, 5 मुख्य आणि 4 त्यांच्या अधले-मधले. पॅड (मोठा आवाज कमी करणारे स्विच) 6, 12 आणि 18 डेसिबलचे, बेस-कट (खालचे सूर कापणारे फिल्टर) 40, 80 आणि 160 हर्ट्झचे. स्वतःचा नॉइज 6 डेसिबल, म्हणजे एसी आणि पंखा बंद केल्याशिवाय त्या आकड्याचा काही उपयोग नाही. 48 व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो. शॉकमाउंट सोबत येतं. याचाच सोनेरी जाळीचा भाऊ एक्सएल-टू वरच्या सुरांत थोडा उजळ आहे. एकट्या गायकाला ते शोभतं. इथे मात्र राइड सिंबल (ड्रमर सतत वाजवत राहतो ती मोठी थाळी) प्रत्येक माइकमध्ये शिरणारच असतो आणि तो आणखी चमकवून घेण्यात काही अर्थ नाही. या कामाला एक्सएलएसच.

आता मुद्द्याचं. फिगर-8 समोरून आणि मागून सारखंच ऐकतो, पण दोन्ही बाजूंना बहिरा असतो. वर-खालीही तसाच, त्यामुळे छत आणि फरशीवरून परतणारा बराच आवाज आपोआप कटतो. ड्रम्स त्या बहिऱ्या बाजूला आणले की बेसच्या ट्रॅकवरचा ड्रम्सचा थेट आवाज जवळजवळ गायब होतो. कार्डिऑइडला हे जमत नाही, कारण त्याची बहिरी बाजू पाठीमागे असते आणि छोट्या खोलीत ड्रमरला बरोबर पाठीमागे बसवता येईलच असं नाही.

फक्त ही बाजू अरुंद असते. ड्रम्स नेमके 90 अंशांवर हवेत. 10 अंश चुकले की घट 15 डेसिबलवर येते, 20 अंश चुकले की जेमतेम 9 उरतात. म्हणून माइक डोळ्याने लावायचा नाही. हेडफोन चढवा, बेसवाल्याला गप्प उभं करा, ड्रमरला राइड वाजवत ठेवायला सांगा आणि माइक अगदी सावकाश फिरवा. एका जागी काठीचा टोकदार ‘टिंग’ गळून पडतो आणि नुसती खोली ऐकू येते. तिथे स्क्रू आवळा. मग स्टँडचे तिन्ही पाय आणि बेसची एंडपिन, दोन्हींच्या जागी फरशीवर टेप मारा. चहा पिऊन आल्यावर बेसवाला अर्धा फूट सरकून उभा राहतोच. काठ्यांऐवजी ब्रशेसवरच सगळं गाणं असेल तर राइडऐवजी स्नेअरवर निशाणा धरा.

दुसरी अडचण पाठीची. मागची बाजू समोरइतकीच तिखट ऐकते, आणि छोट्या खोलीत तिच्यामागे भिंत असते. भिंत 50 सेंटिमीटरवर असेल तर तिथून परतणारा आवाज 1 मीटर जास्त चालून आणि उलट्या पोलॅरिटीने (लाटेचा वर-खाली भाग उलटा होऊन) येतो. मग 340 हर्ट्झच्या आसपास आणि पुढे त्याच्या पटींत खड्डे पडतात, बेस नाकातून बोलल्यासारखा होतो. असा खड्डा ईक्यूने (सूर कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाने) भरत बसू नका. माइकच्या मागे 4 इंच जाडीचं रॉकवूलचं पॅनल उभं करा. ते नसेल तर कापसाची जाड गादी भिंतीपासून वीतभर पुढे उभी केली तरी बराच फरक पडतो. अंड्यांचे ट्रे इथे काही कामाचे नाहीत.

बेससाठी माइक ब्रिजच्या थोडा वर, 25 ते 30 सेंटिमीटरवर. फिगर-8मध्ये प्रॉक्सिमिटी इफेक्ट (माइक जवळ आणला की खालचे सूर वाढणं) सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे आवाज फुगणार. इथे बहुतेकांचा हात 80 हर्ट्झच्या फिल्टरकडे जातो. तो लावू नका. बेसची मोकळी ई तार 41 हर्ट्झची, ए तार 55ची. 80चा फिल्टर दोन्हींचा पाया खातो. 40चा पुरे. तरीही फक्त ए तारच घुमत असेल तर दोष माइकचा नाही. 10 फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या पृष्ठभागांमध्ये, म्हणजे इथे फरशी आणि छतामध्ये, पहिला रेझोनन्स (खोलीचा स्वतःचा घुमणारा सूर) 56 हर्ट्झच्या आसपास येतो आणि ए तार नेमकी त्यावर बसते. माइक एक-दीड फूट वर-खाली करून बघा, तरी राहिलंच तर मिक्समध्ये त्या एका सुरावर अरुंद कट द्या.

जोडीतला दुसरा माइक सॅक्सोफोनला द्यायची चूक सर्रास होते. मोठ्याने वाजणाऱ्या वाद्याला महाग माइकची गरज नसते. टेनर 50 सेंटिमीटरवर एवढा आवाज देतो की एखादा चांगला डायनॅमिक (फँटम न लागणारा) माइकही ब्लीडला, म्हणजे दुसऱ्या वाद्यांच्या शिरलेल्या आवाजाला, सहज मागे टाकतो. तो बेलच्या तोंडात न रोखता मधल्या कीजकडे रोखा. दुसरा 414 पियानोचा हक्काचा. अपराइट भिंतीपासून दीड फूट ओढा, वरचं झाकण उघडा, माइक वरून आत वाकवा आणि पुन्हा बहिरी बाजू ड्रम्सकडे. बासाकडच्या तारा कमी पडतात ही तक्रार राहते, पण ड्रम्सने भरलेल्या स्टिरिओ पियानोपेक्षा स्वच्छ मोनो पियानो परवडला. ड्रम्सना वरून लावलेला एक ओव्हरहेड आणि किकचा एक माइक, बस. बाकीचे ड्रम्स ब्लीडमधूनच उभे राहतात.

सॅक्सच्या जोडीला ट्रंपेटही असेल तर एक 414 मध्ये ठेवून दोघांना समोरासमोर उभं करता येतं. बॅलन्स मात्र तिथेच पायांनी ठरवायचा, सोलोवाला अर्धा फूट पुढे. नंतर काही बदलता येत नाही. ट्रंपेट जवळून फुंकला तर 140 डेसिबलपर्यंत झेलणारा माइक शाबूत राहतो, पण स्वस्त इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राचा) प्रीअँप फाटतो. तिथे 12चा पॅड लावा.

मिक्सला बसल्यावर आधी मोनो करा आणि बेस व पियानोची पोलॅरिटी एकेकदा उलटवून ऐका. फिगर-8च्या पाठीमागून आलेलं सगळं उलटं असतं. ज्या बाजूला किक आणि स्नेअर भरीव वाटतात ती ठेवा. वेळ जुळवण्यासाठी ट्रॅक सरकवून ‘अलाइन’ करण्याच्या फंदात पडू नका: ब्लीड दोन्हीकडून असतो, एक जुळवला की दुसरा बिघडतो.

रिबन माइकशी, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणाऱ्या माइकशी, तुलना होणारच. बायरडायनॅमिकचा एम 130 जन्मतःच फिगर-8 आहे आणि त्याची बहिरी बाजू वरच्या सुरांतही 414पेक्षा सरळ राहते. मोठ्या डायाफ्रामचा कंडेन्सर तिथे थोडा ढळतो. पण एम 130ला सुमारे 25 डेसिबल जास्त गेन लागतो, आणि ब्रशेसच्या संथ बॅलडमध्ये साध्या इंटरफेसची सुसू ऐकू येते. प्रीअँप उत्तम असेल तर बेसवर रिबनच घ्यावा. आणि हे सगळं नसलं म्हणजे काम अडतं असंही नाही. रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर यांनी 1950च्या दशकात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ब्लू नोट या जॅझ कंपनीची कित्येक रेकॉर्डिंग केली.

पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत कंडेन्सर तडतडू लागतो. डबा घट्ट बंद होणारा हवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि थंड एसीतून काढलेला माइक लगेच दमट खोलीत फँटमवर लावायचा नाही. जुना 414 घेणार असाल तर प्रत्येक पॅटर्न, पॅड, फिल्टर चालवून बघा. मग फिगर-8वर ठेवून एकाच अंतरावरून आधी समोरून आणि नंतर मागून बोला. लेव्हल सारखी यायला हवी. मागची बाजू 2-3 डेसिबलने जरी मंद असली तरी बहिरी बाजू 90 अंशांवर राहत नाही, मागे सरकते. असा माइक गाण्यासाठी चालेल, या कामाला नको.