बार बॉडीच्या स्लाइड्सचा संच: नमुने उत्तम, पत्रक कच्चे

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या घरी शिकायला येणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मी जे प्रयोगसाहित्य घेतले, त्यात रावपुऱ्यातील एका दुकानातून आणलेला पाच काचपट्ट्यांचा संच सर्वांत जास्त वापरला गेला. मादी सस्तन प्राण्यांच्या पेशींत दोनपैकी एक एक्स-गुणसूत्र गप्प केलेले असते, हे प्रत्यक्ष दाखवण्यासाठी तो बनवला आहे. त्यात स्त्रीच्या गालाच्या आतील अस्तराच्या पेशी, पुरुषाच्या त्याच पेशी, स्त्रीच्या रक्ताचा लेप, मांजरीच्या मज्जारज्जूचा छेद आणि तिरंगी मांजरीचे केस अशा पट्ट्या आहेत, आणि सोबत एक छापील पत्रक आहे. किंमत साडेनऊशे रुपये; सुट्या पट्ट्या घेतल्या तर याहून जास्त पडतात. पट्ट्यांविषयी माझे मत अनुकूल आहे. पत्रकाविषयी नाही, आणि ते का नाही हे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण विद्यार्थी पट्टी दोन मिनिटे पाहतो आणि पत्रकातले वाक्य परीक्षेपर्यंत घोकतो.

गालाच्या पेशींची पट्टी तेलाच्या भिंगाखाली, म्हणजे हजारपट मोठी करूनच पाहावी. फिकट जांभळ्या केंद्रकाच्या कडेला, केंद्रकपटलाला आतून चिकटलेला आणि त्या बाजूने चपटा झालेला एक गडद ठिपका दिसतो. आकाराने तो जेमतेम एक मायक्रोमीटर असतो. हीच बार बॉडी, म्हणजे आवळून बसलेले निष्क्रिय एक्स-गुणसूत्र. या पट्टीत साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या केंद्रकांत तो स्पष्ट सापडतो. बाकीच्या पेशी दुमडलेल्या असतात किंवा ठिपका केंद्रकाच्या मध्यावर आल्याने ओळखू येत नाही. गालाच्या लेपासाठी हे प्रमाण चांगलेच म्हणायचे. मात्र तोंडातले जिवाणूही तोच रंग धरतात, आणि केंद्रकावर बसलेला एखादा जिवाणू नवशिक्याला हमखास फसवतो. बारीक फोकस हलवला की तो केंद्रकाच्या पातळीच्या वर असल्याचे लक्षात येते. संचात पुरुषाची पट्टी दिली आहे ती याचसाठी मोलाची आहे: तिच्यात कोणाला ‘बार बॉडी’ सापडली की जिवाणूच समजावा.

रक्ताच्या लेपाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीच्या केंद्रकाला बारीक देठावर लटकलेला गोळा, म्हणजे तेच निष्क्रिय एक्स, थोड्याच पेशींत दिसतो, त्यामुळे तो शोधायला चिकाटी लागते. मज्जारज्जूचा छेद देण्यामागे मात्र उत्पादकाची जाण दिसते, कारण या विषयाची सुरुवात मांजरीच्याच चेतापेशींतून झाली. कॅनडातील लंडन या शहरात मरे बार आणि इवर्ट बर्ट्रम यांनी १९४९ मध्ये हा ठिपका माद्यांच्या चेतापेशींत असतो आणि नरांच्या पेशींत नसतो, असे दाखवले. तो ठिपका म्हणजे एकच आवळलेले एक्स-गुणसूत्र आहे, हे सुसुमू ओनो यांनी १९५९ मध्ये मांडले, आणि १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या ठिपकेदार रंगावरून पुढचे अनुमान काढले: प्रत्येक पेशी गर्भावस्थेतच दोनपैकी एक एक्स बंद करते, कोणता ते नशिबावर असते, आणि त्या पेशीची सगळी वंशावळ तीच निवड पुढे चालवते.

पत्रकात हे तिन्ही शोध दोन ओळींत उरकले आहेत, ते एक वेळ चालले असते. पण पुढे लिहिले आहे की स्त्रीच्या पेशीतला जादा एक्स गर्भधारणेपासूनच बंद असतो. तसे नाही. माणसाच्या भ्रूणात पहिले काही दिवस दोन्ही एक्स चालू असतात आणि कायमची निवड भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास होते. उंदरात तर प्रकार आणखी गुंतागुंतीचा आहे. तिथे चार पेशींच्या अवस्थेपासून पित्याकडून आलेला एक्स बंद होऊ लागतो, मग ज्या पेशींतून पिल्लाचे शरीर घडायचे आहे त्यांच्यात तो पुन्हा जागा होतो, आणि त्यानंतर त्या पेशी नव्याने, सरसकट नशिबावर, एकेक एक्स बंद करतात. वार (प्लासेंटा) ज्यांच्यापासून बनते त्या पेशींत मात्र पित्याचाच एक्स बंद राहतो. कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांत सगळ्या शरीरात पित्याचाच बंद असतो. पत्रकातील ‘पित्याचा एक्स निष्क्रिय होतो’ हे वाक्य बहुधा तिथून उचललेले असावे, आणि गालाच्या पेशींच्या पट्टीखाली ते साफ चुकीचे ठरते.

हे गुणसूत्र बंद कसे होते, याबद्दल तर पत्रकात एक अक्षर नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. जे एक्स गप्प व्हायचे असते त्याच्यावरीलच एक्सआयएसटी नावाचे जनुक, जे १९९१ मध्ये सापडले, एक लांबलचक आरएनए तयार करते. त्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही, तो केंद्रकाबाहेरही जात नाही; जिथून निघाला त्याच गुणसूत्रावर तो पसरत जातो, शेजारच्या दुसऱ्या एक्सला हात लावत नाही. त्याला एसपीईएनसारखी जनुके गप्प करणारी प्रथिने येऊन चिकटतात, हिस्टोनांवरचे, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे, ॲसिटिल गट काढले जातात, पॉलिकोम्ब नावाची प्रथिने त्यांच्यावर मिथाइल गट चढवतात, आणि शेवटी डीएनएवरच मिथाइल गट बसून कुलूप पक्के होते. एकदा ते बसले की नंतर एक्सआयएसटी काढून टाकले तरी गुणसूत्र बहुतांशी बंदच राहते. बारावीच्या मुलाला हे समजत नाही असे मुळीच नाही. ठिपका का गडद दिसतो याचे उत्तर याच क्रमात आहे, आणि ते न सांगता ठिपका दाखवणे म्हणजे निम्मा पाठ गाळणे होय.

पत्रकातील ‘पूर्ण बंद’ हा शब्दप्रयोगही खोडायला हवा. माणसात निष्क्रिय एक्सवरील सुमारे १५ टक्के जनुके चालूच राहतात. एकच एक्स असलेल्या टर्नर स्त्रीमध्ये लक्षणे का दिसतात आणि दोन एक्स आणि एक वाय असलेल्या क्लाइनफेल्टर पुरुषात बार बॉडी असूनही परिणाम का उरतात, हा प्रश्न चौकस मुले विचारतातच. त्याच्या उत्तराचा मोठा भाग या न विझणाऱ्या जनुकांत आहे.

तिरंगी मांजरीच्या केसांची पट्टी मुलांना सर्वांत आवडते. काळ्या केसात रंगद्रव्य दाट, नारिंगी केसात फिके, पांढऱ्यात काहीच नाही. नारिंगी की काळा हे ठरवणारे जनुक एक्सवर असते, म्हणून काळे आणि नारिंगी हे एक्सच्या निवडीचे चट्टे आहेत; पांढरा रंग वेगळ्याच जनुकाचा आहे, जे पत्रकाने एकत्र कोंबले आहे. नारिंगी रंगामागे एआरएचजीएपी३६ या जनुकाच्या परिसरातील डीएनएचा गळालेला तुकडा आहे, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. इथेच मी मुलांना अमेरिकेत २००१ मध्ये जन्मलेल्या ‘सीसी’ या क्लोन मांजरीबद्दल सांगतो: ती तिरंगी मांजरीची क्लोन होती, पण तिच्या अंगावर नारिंगी रंग उतरलाच नाही, बहुधा मूळ पेशीत बंद असलेला नारिंगीचा एक्स बंदच राहिल्यामुळे.

माझ्या संचातील ही केसांची पट्टी हवेचा बुडबुडा घेऊन आली होती. दुकानदाराने कुरकुर न करता ती बदलून दिली. पत्रकाचे बोललो तेव्हा मात्र “ते कंपनीकडूनच तसं येतं, सर, आमच्या हातात नाही” एवढेच उत्तर मिळाले. घेणाऱ्याने दुकानातच प्रत्येक पट्टी उजेडासमोर धरून बुडबुडे पाहावेत, पत्रक बाजूला काढावे, आणि खोकी आडवी ठेवावी, कारण झाकणकाचेखालचा चिकटद्रव पुरता सुकलेला नसतो आणि बडोद्याच्या मे महिन्यात उभ्या ठेवलेल्या पट्टीवरची काच सरकते.