प्लेट रोलिंग मशीनमधून हात सोडवायची सोय : भोसरीतल्या शॉपमधला नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. टाक्या, डक्ट, हॉपर, चिमणीचे शेल (प्लेट वळवून केलेली नळकांडी) अशी कामं असतात. प्लेट रोलिंग मशीन, म्हणजे सपाट प्लेट रोलमधून काढून गोल वळवणारं, तीन रोलरचं, पिरॅमिड प्रकारचं, जुनं घेतलेलं. अडीच मीटर रुंदी आणि १० मिमीपर्यंतची प्लेट. खालचे दोन रोल गिअरबॉक्सवर फिरतात, वरचा रोल दोन्ही बाजूंच्या स्क्रूवर खाली-वर होतो. गेल्या जुलैत, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात, या मशीनवर आम्ही सुरक्षेचं काम करून घेतलं. नऊ महिने रोज वापरल्यावर आता लिहितोय, कारण हे काम करायच्या आधी मला असा एखादा अनुभव वाचायला मिळाला असता तर पैसे आणि वेळ वाचला असताच, शिवाय एक गोष्ट वेळेत कळली असती.

ती गोष्ट अशी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ८ मिमीच्या शेलवर काम चालू होतं. मशीन चालवणारे आमचे मामा पुढच्या बाजूला पॅनलपाशी, हेल्पर पोरगा मागच्या बाजूला प्लेटला आधार देत उभा. मशीन रिव्हर्समध्ये होतं, म्हणजे प्लेट मागून पुढे येत होती. पोराच्या हातमोज्याची कड प्लेट आणि वरच्या रोलच्या मध्ये गेली. मामांनी लाल बटण दाबलं, मशीन थांबलं. हात आतच. शेजारच्या बे मधून एक जण धावत आला आणि त्यानं रिव्हर्सचं बटण दाबलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. अडकलं की उलटं फिरवायचं, इतकंच त्याला माहीत होतं. पण मशीन आधीच रिव्हर्समध्ये चालत होतं. हात आणखी आत गेला. शेवटी मामांनी वरचा रोल उचलला तेव्हा हात निघाला. दोन बोटांची पेरं गेली.

त्या दिवशी आमच्याकडे लाल बटण होतं, ते चालू होतं, आणि ते वेळेत दाबलंही गेलं. तरी हे झालं. मशीन थांबवणं वेगळं आणि अडकलेला हात सोडवणं वेगळं, हे मला तेव्हा समजलं. बाजारात मिळणारं बहुतेक सामान थांबवण्यासाठीचं असतं. सोडवण्याचं आपल्यालाच बसून ठरवावं लागतं.

आधी थांबवण्याबद्दल. आमच्या रोलचा पृष्ठभाग मिनिटाला ५ मीटर सरकतो. बघताना वाटतं किती सावकाश चाललंय. हिशोब केला तर सेकंदाला ८३ मिमी होतात, म्हणजे एका सेकंदात अख्खं बोट. जुनी मोटर बंद केल्यावर रोल लगेच थांबत नव्हते. आम्ही रोलवर खडूची खूण केली, बटण दाबलं आणि फूटपट्टीनं मोजलं. रोल ९ सेंटिमीटर पुढे गेला होता. म्हणून पहिलं काम केलं ते ब्रेक मोटर बसवण्याचं. यातला ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि विजेनं सुटतो. लाइट गेली तरी ब्रेक लागतोच, म्हणून मोटर असलीच घ्यायची.

मोटर बसवल्यावर खूण पुन्हा मोजली तर ४ सेंटिमीटर. मला वाटलं, एवढंच होत असेल. दुसऱ्या एका वायरमननं टर्मिनल बॉक्स उघडून बघितलं, तर पहिल्यानं ब्रेकच्या रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या भागाला) सप्लाय मोटरच्याच टर्मिनलवरून दिला होता. सप्लाय तोडल्यावरही फिरती मोटर थोडा वेळ स्वतः व्होल्टेज तयार करते आणि त्यावर ब्रेकची कॉइल धरून राहते. ब्रेकला वेगळा सप्लाय दिला आणि रेक्टिफायरच्या पुढे, डीसीच्या बाजूला काँटॅक्टरचा (मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचा) काँटॅक्ट घातला. आता खूण दीड सेंटिमीटरच्या आत थांबते. मोटर तीच, ब्रेक तोच, फरक फक्त दोन वायरींचा. ज्यांनी ब्रेक मोटर बसवली आहे त्यांनी हे एकदा उघडून बघावं, हाताला धरून सांगतो.

दोरीचा स्विच, म्हणजे रोप पुल स्विच, पुढे आणि मागे दोन्हीकडे लावला. हा निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. दोरी ओढली तरी आणि तुटून ढिली पडली तरी स्विच पडला, म्हणजे त्यानं मशीन बंद केलं पाहिजे. पडल्यावर तो हातानं रिसेट करेपर्यंत तसाच राहिला पाहिजे. रिसेट केल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्याला वेगळं स्टार्ट दाबावं लागलं पाहिजे. उंचीवर मात्र बरीच चर्चा झाली. वायरमनचं म्हणणं छातीच्या उंचीला, म्हणजे हात सहज पोचेल. मामांनी स्वतः मशीनसमोर उभं राहून दाखवलं की एक हात आत गेला की माणूस मशीनवर ओढला जातो, दुसरा हात कुठे जाईल याचा भरवसा नाही, पण मांडी दोरीवर दाबली जाणारच. म्हणून दोरी मांडीच्या उंचीला बांधली. मामा अठ्ठावीस वर्षं रोलिंगवर आहेत. हा निर्णय त्यांचा आणि तो बरोबर निघाला.

दोरीचा त्रास सुरुवातीला झाला, ते लपवत नाही. पहिले तीन आठवडे तार ढिली पडत गेली, कारण नव्या तारेची थिंबलपाशी (टोकाच्या कडीतल्या पत्र्याच्या खोबणीपाशी) वळलेली टोकं दाबून बसतात. दर दोन दिवसांनी टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, आवळत होतो. प्लेटचा कोपरा लागून स्विच पडायचा, ते वेगळं. चेन पुलीवरून प्लेट आणताना पोरं आता ती थोडी वर धरून आणतात. दसऱ्याला मशीनची पूजा केली तेव्हा कोणीतरी झेंडूचा हार त्या दोरीवरच घातला. हार पाण्यानं जड झालेला, रात्रभर लटकला, सकाळी मशीन सुरू होईना. अर्धा तास शोधल्यावर कळलं. आता हार पॅनलच्या खुंटीला.

पायाचं पेडल सगळ्यात जास्त वादाचं ठरलं. आधी मशीन बटणावर चालायचं, एकदा दाबलं की चालूच. आता पेडल दाबून धरलं तरच रोल फिरतात. पेडल तीन टप्प्यांचं घेतलं. हलकं दाबलं की चालू, सोडलं की बंद, आणि जोरात दाबलं तरी बंद. तिसरा टप्पा मुद्दाम घेतला, कारण घाबरलेला माणूस पाय उचलत नाही, पाय आणखी रोवतो. साधं दोन टप्प्यांचं पेडल अशा वेळी मशीन चालूच ठेवेल.

मामांना हे आवडलं नाही. एका शेलला चाळीस-चाळीस मिनिटं पाय धरून ठेवायचा म्हणजे पोटरी भरून येते. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी मी पाहिलं तर पेडलवर लाकडाचा ठोकळा ठेवून मशीन चालू. मी रागावलो, मग त्यांच्या जागी उभं राहून स्वतः दोन शेल काढले. पोटरी माझीही भरली. त्यानंतर लटकत्या पेंडंटवर, म्हणजे केबलला टांगलेल्या बटणांच्या डबीवर, तसंच दाबून धरायचं बटण दिलं आणि एक निवडीचा स्विच ठेवला, म्हणजे एका वेळी हात किंवा पाय. ठोकळा परत दिसला नाही. माणसाला त्रास होणारी सुरक्षा माणूस काढून टाकतो. त्यात त्याचा दोष फार थोडा असतो.

आता मुख्य गोष्ट, सोडवण्याची. आमचं मशीन दोन्ही दिशांना चालतं आणि माणसं दोन्ही बाजूंना उभी असतात. त्यामुळे ‘रिव्हर्स म्हणजे सुटका’ हे आमच्याकडे खरं नाही. सुटकेची दिशा हात कुठल्या बाजूनं गेला यावर ठरते, आणि ते आरडाओरड्यात धावत आलेल्या माणसाला कळणार नाही. म्हणून दोरी, पेडलचा तिसरा टप्पा किंवा लाल बटण यांपैकी काहीही पडलं की फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही बंद, असं सेफ्टी रिलेवर (सुरक्षेचे स्विच पडले की सप्लाय तोडणाऱ्या उपकरणावर) करून घेतलं. फक्त एकच बटण जिवंत राहतं, मोठं हिरवं, त्यावर मराठीत ‘रोल वर’ लिहिलंय. ते धरून ठेवलं की वरचा रोल स्क्रूच्या मोटरवर उचलला जातो. हात पुढून गेलेला असो की मागून, जागा मोकळी होते आणि कोणाला दिशा ओळखावी लागत नाही.

इथे हायड्रॉलिकबद्दल बोलायला हवं, कारण एका विक्रेत्यानं मला सांगितलं होतं की स्क्रू काढून सिलिंडर लावा, व्हॉल्व्ह उघडला की क्षणात सुटतं. ज्या मशीनमध्ये खालचे रोल वर चढतात तिथे ते पटतं, कारण दाब सोडला की रोल स्वतःच्या वजनानं खाली येतात. आमच्यात वरचा रोल खाली येतो. त्याचा व्यास २४० मिमी आणि लांबी अडीच मीटर. लोखंडाच्या घनतेनं हिशोब केला तर वजन जवळपास ९०० किलो भरतं. व्हॉल्व्ह उघडून एवढा रोल हवेत जाणार नाही, उलट हातावर बसेल. त्याला पंप चालू हवा किंवा दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर हवा. आम्ही स्क्रूच ठेवले.

पण स्क्रूच्या मोटरलाही लाइट लागते. शिवाय थ्री फेजमध्ये कुठल्याही दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, म्हणजे ‘रोल वर’ दाबल्यावर रोल खाली. ही नुसती कल्पना नाही. ऑगस्टमध्ये आमच्या लाइनवर केबलचं काम झालं, संध्याकाळी सप्लाय आला आणि फेज उलट्या आल्या. फेज सिक्वेन्स रिले, म्हणजे फेजचा क्रम तपासणारा रिले, आम्ही जुलैतच लावला होता, त्यानं मशीन सुरूच होऊ दिलं नाही. वायरमन म्हणाला, रिले बायपास करू आणि आजचं काम उरकू. मी नको म्हटलं, मेन बंद करून येणाऱ्या दोन वायरी बदलून घेतल्या. वीस मिनिटं गेली. या रिलेला फार पैसे पडत नाहीत आणि उलटं-सुलटं फिरणाऱ्या कुठल्याही मशीनवर तो नसणं मला आता धोक्याचं वाटतं.

लाइट नसताना काय, याचं उत्तर म्हणजे हँडल. स्क्रूच्या शाफ्टचं टोक बाहेर काढून त्याला चौकोनी केलं आणि रॅचेटचं लांब हँडल बनवून घेतलं. कुठे फिरवायचं त्याचा बाण शाफ्टशेजारी पिवळ्या रंगानं काढला. फेज उलटल्या तरी हा बाण बदलत नाही. प्लेटवर दाब असताना स्क्रू फार घट्ट असतो, म्हणून हँडल लांब लागतं. आम्ही पहिलं आखूड केलं होतं, ते टाकून दिलं.

तिसऱ्या महिन्यात हँडल जागेवर नव्हतं. कोणीतरी व्हाइस आवळायला नेलं होतं. त्यावर उपाय फिटरनं सुचवला आणि माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत चांगला भाग आहे. हँडल ज्या खुंटीवर लटकतं तिथे लिमिट स्विच, म्हणजे वस्तूच्या दाबानं चालणारा छोटा स्विच, लावला. हँडल खुंटीवर नसेल तर मशीन सुरू होत नाही. ते हरवत तर नाहीच, शिवाय कोणी हँडल शाफ्टवर लावून फिरवत असताना लाइट आली तरी मोटर सुरू होऊन हँडल त्याच्या मनगटावर आदळत नाही.

महिन्यातून एकदा, गुरुवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला, आम्ही सराव करतो. जुन्या हातमोज्यात चिंध्या भरून तो प्लेटबरोबर आत घालायचा, दोरी ओढायची, मेन बंद करायचा आणि हँडलनं सोडवायचा. पहिल्या वेळी सहा मिनिटं लागली. एकानं बाण न बघता उलटं फिरवलं. आता दीड मिनिटाच्या आत होतं, आणि ते मामांच्या हातून नाही, नव्या पोरांच्या हातून. खडूच्या खुणेचं मोजमापही त्याच वेळी घेतो आणि पॅनलच्या दारावर लिहून ठेवतो. ब्रेकचं अस्तर झिजलं की आकडा वाढेल, तेव्हा कळेल.

अडकलेल्या प्लेटबद्दल थोडंच. जाड प्लेट किंवा वेल्डचा उंचवटा आला की लोड वाढतो आणि गिअरच्या आधीची शिअर पिन, म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन, तुटते. तिचं कामच ते. मशीन उघडल्यावर आमच्याकडे पिनच्या जागी हाय टेन्साइल, म्हणजे सहज न तुटणारा, बोल्ट सापडला, आधीच्या मालकाकडे कोणीतरी वैतागून घातला असणार. तो काढून मऊ लोखंडाची खाचेची पिन बसवली. नऊ महिन्यांत ती दोनदा तुटली, दोन्ही वेळा आमचीच चूक होती. पिन बदलताना मेनला कुलूप आणि किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्या खिशात, इतका नियम पाळतो.

रोल पुसायचं वेस्ट (सुताच्या चिंध्या) चालू मशीनवर हातात घ्यायचं नाही आणि रोलिंगवर हातमोजे घालायचे नाहीत, हेही ठरवलं. प्लेटच्या धारेसाठी हातमोजे लागतात, म्हणून प्लेट उचलताना घालायचे आणि पेडलला पाय लावायच्या आधी सगळ्यांनी काढायचे. हे अजून शंभर टक्के होत नाही. मला दिवसातून एकदा तरी ओरडावं लागतं.

सामान बहुतेक पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळालं, सेफ्टी रिले आणि तीन टप्प्यांचं पेडल मागवावं लागलं, त्याला तीन आठवडे गेले. काम दोन गुरुवार आणि मधल्या रात्रींत झालं. वेग थोडा कमी झाला, शेलमागे पाच-सात मिनिटं जास्त जातात. गिऱ्हाइकाला ते दरात सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये कलम २४ खाली, चालत्या मशीनची पॉवर आणीबाणीत तोडायची सोय प्रत्येक वर्करूममध्ये हवी, असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे ती लाल बटणाच्या रूपात होतीच. पण ते बटण पॅनलवर, पोरापासून सहा पावलांवर होतं.

एक उणीव अजून आहे. मागच्या बाजूला डावीकडे शेडचा खांब येतो, त्यामुळे दोरी तिथे रोलपासून लांबून जाते. शेवटच्या फूटभर जागेत उभा असलेला माणूस ओढला गेला तर त्याची मांडी दोरीला लागणार नाही. पोरगा त्या दिवशी जवळपास तिथेच उभा होता. तो आता परत कामावर आहे, आणि ही जागा परवा त्यानंच मला दाखवली. खांबाला ब्रॅकेट टाकून दोरी पुढे घ्यायची आहे, ब्रॅकेट कापून ठेवलंय, येत्या गुरुवारी वेल्ड करतो. तोपर्यंत त्या कोपऱ्यात पिवळा पट्टा मारून उभं राहणं बंद केलं आहे.