मिरचीपूड की लाल सिलिंडर?

चोरटे आलेच तर म्हणून सराफी दुकानात गल्ल्याखाली मिरचीपुडीची पुडी ठेवायची जुनी सवय. स्वस्त आणि हाताशी. पण पावसाळ्यात तिचे गोळे होतात, आणि पंख्याखाली उधळली की पहिला ठसका आपल्यालाच. शिवाय चोरटेही बऱ्याचदा तीच घेऊन येतात!

आग विझवायचा सिलिंडर मला उजवा वाटतो. पिन ओढा, दांडा दाबा. त्यातल्या एबीसी (आग विझवणाऱ्या) पावडरच्या पांढऱ्या लोटात समोरच्याला काही सुधरत नाही, तेवढ्यात मागच्या दाराने निसटता येतं. फक्त तो जड असतो, आणि त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे कुणी बघत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, तोही गरजेपुरताच.

समोर पिस्तूल असेल तर दोन्ही राहू द्या. गल्ला उघडा, ते गेले की 112 लावा.